अबोल मूल कोणत्या भाषेंत अबोल आहे?

दिवाळी आटोपते न आटोपते तोंच पारगांवच्या शिवारांत ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरतात, हें येथल्या वाचकांस सांगावयास नको. दत्तात्रयनगरच्या भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला कीं रस्त्यांच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, पहांटेच्या थंडींत उसाच्या मोळ्या भरलेल्या गाड्या निघतात, आणि मुकादमाच्या वहींत नवरा-बायकोच्या जोडीची नोंद ‘एक कोयता’ अशी होते. ह्या कोयत्यांबरोबर आलेल्या मुलांची नोंद मात्र पुष्कळदां कोणाच्याच वहींत नसते. त्यांतलीं कांहीं आमच्या वर्गांत येऊन मागल्या बांकावर बसतात. कांहींच्या घरीं मराठवाड्याकडची मराठी बोलतात. बंजारा तांड्यांवरून आलेल्यांच्या घरीं गोरमाटी. आईला ‘याडी’ म्हणून हांक मारणारें मूल वर्गांत शिरतें, आणि त्याच्यापुढें एकदम छापील मराठीचें पुस्तक उघडलें जातें.

हीं मुलें काय, भीमाशंकरच्या डोंगरांतील ठाकर व महादेव कोळी मुलें काय, किंवा जुन्नर शहरांतील उर्दू बोलणाऱ्या घरांतलीं मुलें काय, घरची बोली एक व पुस्तकाची भाषा दुसरी असणें ही आपल्या ह्या दोन तालुक्यांत कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. अलीकडे तर सेमी-इंग्रजीच्या वर्गांमुळें अस्सल मराठी घरांतलें मूलही गणित व विज्ञान इंग्रजींत शिकूं लागलें आहे. अशा दुभाषी मुलांपैकीं एकादें वाचनांत मागें पडलें, तर त्याचें कारण काय समजावें, ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचा माझा विचार आहे. आणि ते मीं स्वतः केलेल्या एका चुकीपासून आरंभिणें मला प्राप्त आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्याकडे पांचवीचा वर्ग होता. त्यांत गोरमाटी बोलणाऱ्या घरांतलीं दोन मुलें होतीं. मुलगी हंगामापुरती आलेली. मुलाचें कुटुंब मात्र तोड सोडून येथल्याच एका बागायतदाराच्या मळ्यावर सालगडी म्हणून राहिलें होतें, व त्यास चार वर्षें झालीं होतीं. मुलगी मोडकें मराठी बोले, वाचावयास उभी केली तर दुसऱ्याच ओळीस अडे, आणि नपुंसकलिंग तर तिच्या गांवींही नव्हतें. मुलगा तिच्याहून पुष्कळ बरा दिसे. हंसतमुख, आज्ञाधारक, फळा पुसावयास सर्वांच्या आधीं धांवणारा. धडा वाच म्हटलें कीं एका सुरांत सगळा धडा वाचून दाखवी. त्यावर प्रश्न विचारला म्हणजे मात्र हंसे आणि गप्प उभा राही. मीं असा निवाडा केला कीं, मुलगी बुद्धीनें मंद आहे, आणि मुलाची अडचण निव्वळ भाषेची आहे, ती कालांतरानें आपोआप सुटेल. एवढ्यावर न थांबतां मीं त्याच्या वडिलांस बोलावून सांगितलें, “दादा, घरीं पोराशीं मराठींतच बोलत जा. गोरमाटी कांहीं दिवस बंद ठेवा.” त्यांनीं मान डोलावली.

माघ महिन्यांत ती मुलगी आठवडाभर शाळेंत आली नाहीं, म्हणून एका रविवारीं मी चौकशीस कोप्यांवर गेलों. धाकटें भावंड आजारी असल्यामुळें तिला घरीं ठेवलें होतें. आजूबाजूच्या कोप्यांतलीं पांच-सहा मुलें भोंवतीं घेऊन ती गोष्ट सांगत बसली होती. मला शब्द कळत नव्हते. परंतु राक्षसाचा आवाज निराळा, म्हातारीचा निराळा, आणि ऐकणारीं मुलें कधीं खदखदून हंसत तर कधीं श्वास रोखून बसत. मी उभा होतों तोंवर ती गोष्ट संपली नाहीं. ही मुलगी मंद! मला माझीच लाज वाटली.

तेथूनच मी त्या मुलाच्या मळ्यावर गेलों. त्याच्या आईस मराठी फारसें येत नाहीं. ती बोलली तें वडिलांनीं मला सांगितलें. “गुरुजी, हा आमच्या भाषेंतबी असाच आहे. ह्याचा धाकटा भाऊ सात वर्षांचा, पण तो ह्याच्यापेक्षां चांगला बोलतो. ह्याला दुकानांतून तीन जिनसा आण म्हटलं तर एक घेऊन येतो.” मग थोडें थांबून ते म्हणाले कीं, मीं सांगितल्यापासून त्याची आई त्याच्याशीं बोलतच नाहीं म्हटलें तरी चालेल, कारण तिला मराठी येत नाहीं आणि गोरमाटी तर गुरुजींनीं बंद करावयास सांगितली आहे.

मीं दोन्ही निवाडे उलटे केले होते. मुलीस कसलाही विकार नव्हता. तिला एक नवी भाषा नुकतीच भेटली होती, एवढेंच. मुलाचा मात्र भाषा शिकण्याचा मूळ व्यापारच अडखळत होता, आणि तो दोन्ही भाषांत अडखळत होता. चार वर्षें आम्हीं ‘घरची भाषा निराळी, येईल हळूहळू’ असें म्हणत त्याला तसाच वर चढवला, आणि शेवटीं मीं त्याच्या आईचा आवाजही बंद केला.

ह्या विकारास तज्ञ लोक भाषाविकासाचा विकार म्हणतात. मूल ऐकतें, खेळतें, त्याची सामान्य समज बरी असते, तथापि शब्द मनांत टिकत नाहींत, वाक्याची घडण साधत नाहीं, लांब वाक्य ऐकलें तर त्याचा शेवट लागेपर्यंत आरंभ विसरला जातो. पूर्वीं ह्यास निरनिराळीं नांवें होतीं व त्यामुळें फार घोटाळा होई. २०१६ व २०१७ ह्या सालीं ऑक्सफर्डच्या डॉरथी बिशप ह्यांच्या पुढाकारानें इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील तज्ञांनीं विचारविनिमय करून एक नांव मुक्रर केलें. हा विकार किती मुलांत आढळतो? अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत १९९७ सालीं व इंग्लंडांतील सरे परगण्यांत २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहण्यांत शेंकडा सात-साडेसात हें प्रमाण निघालें. म्हणजे तीस मुलांच्या वर्गांत सुमारें दोन. इतका सामान्य विकार असून गांवांत त्याला स्वतःचें नांव नाहीं; ‘ढ’ ह्या एका अक्षरावर त्याची बोळवण होते.

आतां पालकांस वाटेल कीं, दोन भाषांचा भार पडल्यामुळेंच असें होत असेल. ही समजूत जुनी आहे आणि तिला एके काळीं विद्वानांचा आधारही होता. वेल्स देशांत सेअर नांवाच्या संशोधकानें १९२३ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, खेड्यांतील दुभाषी मुलें बुद्धीच्या परीक्षेंत एकभाषी मुलांच्या मागें पडतात. त्याचा बोलबाला पुष्कळ वर्षें राहिला. पण त्या मुलांची घरची स्थिति, त्यांचें शिक्षण, परीक्षेची भाषा, ह्यांचा हिशेब त्यांत नीट झाला नव्हता. कॅनडांतील माँट्रियल शहरांत पील व लँबर्ट ह्यांनीं १९६२ सालीं सारख्या परिस्थितींतलीं मुलें घेऊन तुलना केली, तेव्हां दुभाषी मुलें मागें तर नव्हतींच, उलट पुढें निघालीं. आपल्या विषयास ह्याहूनही जवळचा अभ्यास २००३ सालचा, तोही कॅनडांतलाच. भाषेचा विकार असलेल्या फ्रेंच-इंग्रजी दुभाषी मुलांची तुलना तोच विकार असलेल्या एकभाषी मुलांशीं केली. मुलें थोडीं होतीं, हें खरें; पण व्याकरणांतील अडखळ दोन्ही गटांत सारखीच आढळली. दुसऱ्या भाषेनें विकार उत्पन्न केला नव्हता आणि असलेला वाढवलाही नव्हता. घरची भाषा बंद करा म्हणून जो सल्ला आपण इतक्या सहजपणें देतों, त्याचा पायाच मुळीं डळमळीत आहे. त्या सल्ल्यानें मुलाचा विकार जात नाहीं; त्याची आई मात्र जाते.

वाचनाचा ह्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. फिलिप गॉफ व विल्यम टनमर ह्यांनीं १९८६ सालीं वाचनाचा एक साधा हिशेब मांडला. अक्षरें उकलून शब्द म्हणतां येणें ही एक शक्ति, आणि ऐकलेल्या भाषेचा अर्थ लागणें ही दुसरी; वाचन म्हणजे ह्या दोहोंचा गुणाकार. बेरीज नव्हे, गुणाकार! एक अंक शून्य झाला कीं दुसरा कितीही मोठा असो, उत्तर शून्यच. माझ्या वर्गांतील मुलाची पहिली शक्ति शाबूत होती, दुसरी फार दुबळी होती. पहिलीच शक्ति दुबळी असलेलीं मुलेंही असतात. त्यांच्या अडचणीस डिस्लेक्सिया म्हणतात, व २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ ह्या चित्रपटामुळें ती पुष्कळांस ठाऊक झाली आहे. कित्येकांत दोन्ही अडचणी एकत्र नांदतात.

येथें आपल्या देवनागरीची एक खोड सांगितली पाहिजे. इंग्रजी अक्षरें सव्वीस. आमची बाराखडी व जोडाक्षरें मोजूं गेल्यास आंकडा कित्येक शेंकड्यांवर जातो. ऱ्हस्व वेलांटी लिहावयाची अक्षराच्या आधीं आणि उच्चारावयाची नंतर. रफार डोक्यावर चढून बसतो. ‘चाक’ ह्यांतला च निराळा व ‘चार’ ह्यांतला निराळा, पण लिहिणें एकच. सोनाली नाग ह्यांनीं कन्नड मुलांचा अभ्यास करून २००७ सालीं दाखवून दिलें आहे कीं, अशा लिपींत अक्षरांची ओळख पुरी होण्यास प्राथमिक शाळेचीं बरींच वर्षें लागतात. सबब तिसरी-चौथींतलें मूल जोडाक्षरावर अडलें म्हणून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु एकदां हीं अक्षरें हातीं आलीं कीं तीं सहसा फसवीत नाहींत. जसें लिहिलें तसें म्हटलें, कीं झालें. इंग्रजींत ‘पुट’ आणि ‘बट’ ह्यांपाशीं मुलाचें अज्ञान उघडें पडतें. मराठींत अर्थाचा लवलेश न कळतां अख्खा धडा घडाघड म्हणतां येतो. आम्ही शिक्षक त्या घडाघडीस भुलतों. वर्गांत प्रकट वाचनास गुण देतों, आणि वही मिटून ‘काय झालें तें तुझ्या शब्दांत सांग’ असें विचारावयास विसरतों.

मग ओळखावें कसें? पहिली गोष्ट, कान तपासून घ्यावे. अर्धवट ऐकूं येणारें मूलही असेंच हंसून गप्प उभें राहतें. दुसरी गोष्ट, चूक कोणत्या जातीची आहे तें पाहावें. हिंदी किंवा उर्दू बोलणारें मूल ‘माझी पुस्तक’ म्हणतें, कारण त्याच्या भाषेंत लिंगें दोनच आहेत आणि किताब स्त्रीलिंगी आहे. ही चूक रोगाची नव्हे, प्रवासाची आहे. उलट ‘वाघाला हरणानें पाहिलें’ असें सांगून ‘कोणीं पाहिलें?’ असें विचारावें. प्रत्ययाकडे लक्ष न जाणारें मूल पहिला शब्द धरून ‘वाघानें’ म्हणेल. पण एवढ्यावर निवाडा करूं नये. तोच प्रश्न घरच्या माणसाकडून घरच्या भाषेंत विचारवावा, आणि तेथेंही तसेंच झालें तर मात्र विचार करावा. अर्थ नसलेला एकादा लांबट शब्द, समजा ‘बिदकुलाटेन’, म्हणून दाखवावा व तो परत म्हणावयास सांगावें. भाषेचा विकार असलेल्या पुष्कळ मुलांस हें जड जातें. एक नवी गोष्ट चार दिवस शिकवून पाहावी. नुसती भाषा नवी असलेलें मूल ती भराभर उचलतें. आणि सर्वांत मोठी परीक्षा ही कीं आईस विचारावें: पहिला शब्द केव्हां बोलला? दोन शब्द जोडून केव्हां बोलूं लागला? त्याच घरांतल्या भावंडांच्या मानानें कसा आहे? मला जें चार वर्षें कळलें नाहीं, तें त्या माउलीस केव्हांच माहीत होतें. तिला कोणी विचारलेंच नव्हतें.

उपायाविषयीं माझें मत थोडक्यांत सांगतों. ज्या मुलाचा अर्थाचा अंक दुबळा आहे, त्याच्यापुढें पुस्तक उघडण्यापूर्वीं त्या पुस्तकांतली गोष्ट त्याला त्याच्या भाषेंत ऐकवावी. धड्यांत विहीर, मोट, नाडा असे शब्द असतील तर ते आधीं तोंडीं खेळवावे, चित्रांत दाखवावे, पुनःपुन्हां दाखवावे. अशा मुलास एकाच वेळीं ऐकलेला शब्द पुरत नाहीं. सर्वांसमोर उभें करून वाचावयास लावणें व हंसें होऊं देणें हा उपाय नव्हे. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें व १९५७ सालीं तें कोसबाडास नेलें. तेथें त्या व अनुताई वाघ वारली मुलें शाळेंत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणांत व कुरणांत घेऊन गेल्या. मला वाटतें, भाषेच्या बाबतींतही आपण आधीं त्यांच्या अंगणांत जावें.

सरकार-दरबारींही कांहीं दारें उघडीं आहेत, तीं पालकांस ठाऊक असावींत. महाराष्ट्र शासनानें १९९६ सालीं वाचन-लेखनाची अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांस परीक्षेंत सवलती देण्यास आरंभ केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेची जी व्याख्या दिली आहे, तींत लेखी भाषेबरोबर बोललेल्या भाषेच्या आकलनाचाही उल्लेख आहे. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें शाळांतून मुलें तपासतात. त्यांच्या यादींत भाषेचा उशीर व अध्ययनाची अडचण हीं दोन्ही आहेत. मात्र आपण सांगितल्यावांचून पांच मिनिटांत त्यांना तीं दिसणार कशीं? वाचनाची अडचण ओळखण्यासाठीं मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी ह्या भाषांत चांचण्या तयार केल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि गोरमाटी बोलणाऱ्या मुलाची परीक्षा मराठी चांचणीनें घेतली तर तींतून माझ्यासारखाच निवाडा निघावयाचा. शिवाय वाचा-भाषा तज्ञांकडे जावयाचें म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांस पुण्याची एस.टी. धरावी लागते, आणि ज्याची रोजी कोयत्यावर आहे त्यास एक दिवस बुडवणें म्हणजे काय, हें मी सांगावयास नको.

त्या मुलास त्याचे वडील तीन वेळां पुण्यास घेऊन गेले. तेथल्या बाईंनीं आईस पहिलें काम दिलें तें हें कीं, रोज रात्रीं त्याच्याशीं गोरमाटींत बोला, आणि सावकाश बोला. शनिवारीं मी पुढल्या आठवड्याचा धडा वडिलांस फोनवर सांगतों. ते तो त्याच्या आईस सांगतात, व ती आपल्या पद्धतीनें तो मुलास सांगते. आमच्या नववींतले दोन विद्यार्थी गोरमाटी जाणतात. हंगामांत नवें मूल दाखल झालें कीं त्यांपैकीं एकास बरोबर घेऊन मी त्याच्या आईस भेटतों. मुलगी आणखी एक हंगाम आली. तेवढ्यांत ती वर्गांतल्या पहिल्या दहांत वाचूं लागली होती. पुढें तिची टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेली.

मुलगा आतां आठवींत आहे. वाचन पूर्वींपेक्षां मंद झालें आहे, कारण आतां तो मध्यें थांबून ‘म्हणजे काय?’ असें विचारतो. पांच प्रश्नांपैकीं दोन-तीनांचीं उत्तरें देतो, तींही आंखूड वाक्यांत. धाकटा भाऊ ह्या जूनमध्यें पांचवींत आला, आणि तो वर्गांत फार बोलतो अशी त्याच्या शिक्षकांची तक्रार आहे.